कावळा, फांदी आणि महायुद्ध

गेल्या अंकात मी १९१४ च्या उन्हाळ्याबद्दल लिहिलं होतं. २८ जूनला साराजेवोत ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड मारला गेला आणि ३७ दिवसांत युरोपातल्या पाच बड्या सत्ता युद्धात उतरल्या, एवढाच त्या लेखाचा विषय होता. पत्रं आली ती मात्र त्या ३७ दिवसांबद्दल नाहीत, त्याआधीच्या चाळीस वर्षांबद्दल. देशादेशांतली जुनी वैरं मोठ्या युद्धापर्यंत पोचतात तरी कशी, असं बहुतेकांना विचारायचं आहे. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलं आहे. पत्रं कापून लहान केली आहेत, त्याबद्दल रागावू नये.

प्रश्न : बाई, मी अकरावीत आहे. आमच्या पुस्तकात युवराजाचा खून हे तात्कालिक कारण आणि राष्ट्रांमधलं वैर हे मूळ कारण, असं दिलं आहे. पण वैर इतकं जुनं होतं, तर युद्ध आधीच का नाही झालं? आणि आधी झालं नाही, तर ते मूळ कारण कसं?

उत्तर : तीस वर्षं मी वर्गात फळ्यावर हेच दोन रकाने पाडले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, फांदी कुजलेलीच होती, कावळा निमित्तमात्र, असं सांगून मोकळी व्हायचे. एकदा मागच्या बाकावरून एका मुलाने विचारलं, "बाई, मग आधी कावळे बसले तेव्हा का नाही मोडली?" वर्ग हसला. मीही हसले आणि फळा पुसायला घेतला, कारण उत्तर येत नव्हतं. तुझा प्रश्न तोच आहे. तेव्हाची उधारी आज फेडते.

आधी कावळे मोजू. १९०५ मध्ये मोरोक्कोवरून जर्मनी आणि फ्रान्स यांची जुंपली. १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया आपल्या राज्याला जोडून टाकला. सर्बिया खवळला आणि त्याच्या पाठीशी रशिया. १९११ मध्ये पुन्हा मोरोक्को : जर्मनीने अगादिर बंदरात 'पँथर' नावाची गनबोट आणून उभी केली. १९१२ आणि १९१३ मध्ये तर बाल्कनमध्ये दोन खरीखुरी युद्धं झाली. एवढे कावळे बसून गेले आणि बड्यांचं युद्ध एकदाही पेटलं नाही. म्हणजे वैर होतं, ठिणग्याही होत्या, तरी मिटत गेलं.

पण मिटलं म्हणजे विसरलं गेलं असं नव्हे. इथेच माझे दोन रकाने कमी पडायचे. प्रत्येक प्रसंगातून प्रत्येकाने काहीतरी धडा घेतला आणि प्रत्येकाचा धडा वेगळा होता. १९०९ च्या मार्चमध्ये जर्मनीने रशियाला जवळजवळ दमच भरला, की बोस्नियाचं विलीनीकरण निमूटपणे मान्य करा. रशिया नुकताच जपानकडून मार खाऊन बसला होता, त्याला मान तुकवावी लागली. रशियाने धडा घेतला : पुन्हा अशी नामुष्की नको. ऑस्ट्रियाचा धडा उलटा. १९१३ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने सर्बियाला आठ दिवसांची मुदत देऊन अल्बेनियातून सैन्य काढायला सांगितलं आणि सर्बियाने ते काढलं. ऑस्ट्रिया शिकला, की मुदत घालून डोळे वटारले की काम होतं. अगादिरनंतर जर्मनीला काँगोचा थोडा तुकडा मिळाला, तोही दलदलीचा. इतका गाजावाजा करून हाती काय लागलं, म्हणून तिथले लोक आपल्याच सरकारवर चिडले. आणि फ्रान्सला कळलं, की ताठ उभं राहिलं तर जर्मनी माघार घेतो.

आता हे सगळे धडे १९१४ च्या जुलैत एका टेबलावर ठेव. ऑस्ट्रियाला वाटतं धमकी चालते. रशियाला वाटतं या वेळी वाकायचं नाही. फ्रान्सला वाटतं मित्राच्या पाठीशी उभं राहिलं पाहिजे. प्रत्येकाचा धडा आपल्यापुरता बरोबर होता, सगळे मिळून घात झाला. २३ जुलैला ऑस्ट्रियाने युवराजाच्या खुनाचा ठपका ठेवून सर्बियाला निर्वाणीचा खलिता दिला. मुदत या वेळी ४८ तासांची.

म्हणून मी आता फांदी कुजली असं म्हणत नाही. कुजण्यात शिकणं नसतं. वैर हे बरंचसं शिकलेलं असतं.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि ती शिकवायची मी कायम राहू द्यायचे, कारण तिला नकाशा लागतो आणि तास संपत आलेला असायचा. १९१४ मध्ये एक वैर नव्हतं. निदान पाच होती. ऑस्ट्रिया आणि सर्बिया. बाल्कनवरून ऑस्ट्रिया आणि रशिया. १८७१ मध्ये जर्मनीने फ्रान्सकडून घेतलेल्या अल्सेस-लोरेन प्रांतावरून फ्रान्स आणि जर्मनी. जर्मनी आणि रशिया. समुद्रावरून ब्रिटन आणि जर्मनी. यांतलं कुठलंही एकटं वैर एकट्यापुरतं पेटलं असतं, तर आपण आज त्याला 'तिसरं बाल्कन युद्ध' किंवा तसलंच काही म्हणालो असतो आणि ते तुझ्या पुस्तकात तळटिपेत गेलं असतं. ती एकमेकांत गुंतली होती, हा खरा मुद्दा.

कशी गुंतली? फ्रान्स आणि रशिया यांचा १८९४ पासून करार होता, म्हणून जर्मनीच्या सेनाधिकाऱ्यांनी धरूनच ठेवलं होतं की लढावं लागेल तर दोघांशी एकदम. रशियाला सैन्य जमवायला वेळ लागतो, म्हणून आधी फ्रान्सला झटपट आडवं करायचं. फ्रान्सच्या सीमेवर पक्के किल्ले आहेत, म्हणून बेल्जियममधून वळसा घालायचा. आणि बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९ पासून ब्रिटननेही दिलेली. म्हणजे बघ, सर्बियावरून भांडण, त्यात रशिया उतरतो, आणि त्याला उत्तर म्हणून जर्मन फौज घुसते ती बेल्जियममध्ये, ज्याचा सर्बियाशी काडीचा संबंध नाही. ही गाठ त्या ३७ दिवसांत पडलेली नव्हती. ती वीस वर्षं हळूहळू पडत होती आणि पाडणाऱ्या प्रत्येकाला वाटत होतं की आपण स्वतःची सुरक्षितता वाढवतोय.

१ ऑगस्टला संध्याकाळी जर्मन सम्राट कैसर विल्हेल्मला क्षणभर वाटलं, की ब्रिटन आणि फ्रान्स बाहेर राहतील. त्याने सरसेनापती मोल्टकेला सांगितलं, सगळं सैन्य पूर्वेला वळवा. मोल्टके म्हणाला, जमणार नाही, गाड्यांची वेळापत्रकं वर्षभर खपून केलेली आहेत. कैसर बोलला, "तुझ्या काकांनी मला वेगळं उत्तर दिलं असतं." काका म्हणजे थोरला मोल्टके, १८७० च्या युद्धात फ्रान्सला हरवणारा. पुढे जर्मनीच्याच रेल्वे विभागातल्या एका जनरलने दाखवून दिलं, की गाड्या वळवता आल्या असत्या. पण चाळीस वर्षांच्या वैरात ज्या युद्धाची तयारी केली, त्याखेरीज दुसरं युद्ध कुणाला सुचतच नव्हतं.

परीक्षेत मात्र दोन रकानेच लिही. मार्क त्यालाच मिळतात.

प्रश्न : 'दीर्घकालीन वैर' हा शब्द आपण फार सैल वापरता असं वाटतं. दोन देशांत तणाव असला की झालं का वैर? याला काही मोजमाप आहे का?

उत्तर : आहे, आणि तुमची चपराक योग्य आहे. अमेरिकेतले पॉल डील आणि गॅरी गोएर्ट्झ या दोन अभ्यासकांनी एक ढोबळ कसोटी लावली : दोन देशांमध्ये वीस वर्षांत निदान सहा वेळा असा तंटा झाला पाहिजे, ज्यात सैन्याचा वापर, धाक किंवा हालचाल होती. जगात देशांच्या जोड्या हजारोंनी पडतात, पण या कसोटीला उतरणाऱ्या थोड्याच. आणि युद्धांचा फार मोठा वाटा या थोड्यांच्या खात्यावर. याचा साधा अर्थ असा, की युद्ध करणारे बहुधा एकमेकांच्या चांगले ओळखीचे असतात. आणखी एक अभ्यासक, विल्यम थॉम्प्सन, म्हणतात की तंटे मोजू नका, राज्यकर्ते कुणाला आपला शत्रू समजत होते ते पाहा. मला स्वतःला हे दुसरं अधिक पटतं. एकदाही गोळी न झाडता दोन देश एकमेकांना पाण्यात पाहत असू शकतात.

प्रश्न : मी शस्त्रनिर्मितीच्या क्षेत्रात अभियंता होतो. माझं मत असं, की मूळ दोष शस्त्रस्पर्धेचा. दोन्ही बाजूंनी लोखंड साठवलं की ते कधी ना कधी वापरलं जातंच. ब्रिटन-जर्मनीच्या युद्धनौकांचं उदाहरण पुरेसं नाही का?

उत्तर : साहेब, तेच उदाहरण घेऊ, कारण ते तुमच्या विरुद्ध जातं.

१८९८ आणि १९०० च्या कायद्यांनी ॲडमिरल टिर्पिट्झने जर्मनीचं मोठं आरमार उभारायला घेतलं. १९०६ मध्ये ब्रिटनने 'ड्रेडनॉट' समुद्रात सोडली : दहा बारा-इंची तोफा, वाफेची टर्बाइन, आणि आधीच्या सगळ्या युद्धनौका एका दिवसात जुन्या. स्वतःच्या जुन्या नौकाही. म्हणजे शर्यत पुन्हा जवळजवळ शून्यापासून. १९०९ मध्ये ब्रिटनमध्ये एवढी घबराट माजली, की चर्चिलने नंतर गमतीने लिहिलं : नौदलाने सहा मागितल्या, काटकसरवाल्यांनी चार देऊ केल्या आणि तडजोड आठांवर झाली.

पण १९१२-१३ पर्यंत ही शर्यत जर्मनी हरला होता. पैसा नौदलाकडून पायदळाकडे वळला होता. १९१४ च्या जूनमध्ये जर्मनीच्या कील बंदरात नौकाशर्यतींचा सप्ताह होता आणि ब्रिटिश युद्धनौकांचं एक पथक पाहुणं म्हणून तिथे नांगर टाकून होतं. ड्रेडनॉटच्या आकाराची जहाजं जावीत म्हणून रुंद केलेला कीलचा कालवा त्याच आठवड्यात खुला झाला. दोन्हीकडचे खलाशी एकमेकांच्या जहाजांवर जात-येत होते. कैसर आपल्या 'मेटेओर' या शिडाच्या नौकेवर शर्यतीत होता. एक लाँच जवळ आली, ॲडमिरल म्युलरने सिगारेटच्या डबीत घालून एक चिठ्ठी वर फेकली. साराजेवोची बातमी ती. वीस वर्षं ज्या वैराबद्दल वर्तमानपत्रांचे रकाने भरले, त्या वैराच्या दोन्ही बाजू त्या क्षणी एकाच बंदरात गुण्यागोविंदाने होत्या.

तरीही तुमचं म्हणणं मी पूर्ण टाकून देत नाही. जमिनीवरची शर्यत वेगळी होती, ती उशिरा सुरू झाली आणि तीच विषारी ठरली. १९१३ मध्ये जर्मनीने सैन्य वाढवलं. त्याच वर्षी फ्रान्सने सक्तीची लष्करी सेवा दोन वर्षांवरून तीन वर्षांवर नेली. रशियाने मोठा लष्करी कार्यक्रम हाती घेतला, तो १९१७ पर्यंत पुरा व्हायचा होता. फ्रान्सच्या कर्जातून रशियाच्या पश्चिम सीमेकडे लोहमार्ग टाकले जाणार होते. बर्लिनमध्ये बसून हे पाहणाऱ्याला काय दिसतं? आज आपण जिंकू शकतो, तीन वर्षांनी नाही. मोल्टके १९१२ च्या डिसेंबरमध्येच कैसरसमोर म्हणाला होता : युद्ध अटळ आहे आणि जितकं लवकर तितकं बरं. लोखंडापेक्षा ही तारीख घातक. शस्त्रसाठा वर्षानुवर्षं पडून राहू शकतो. पण एका बाजूला वाटलं की वेळ आपल्या हातून निसटतोय, की 'आत्ता नाही तर कधीच नाही' हे वाक्य सैन्याच्या कचेरीतून बाहेर पडतं आणि मुत्सद्द्यांच्या तोंडी बसतं.

तुम्ही अभियंता आहात म्हणून एक नाव सांगते, लुइस फ्राय रिचर्डसन. हवामानाचा अंदाज गणिताने काढायची वाट ज्याने दाखवली तोच. क्वेकर पंथाचा, त्यामुळे शस्त्र धरणार नाही, पण पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवली. त्याने शस्त्रस्पर्धेचं समीकरण मांडलं. त्यात तीन पदं : समोरचा किती शस्त्रं साठवतोय त्याची भीती, आपल्या खिशाला बसणारी चाट, आणि तिसरं, जुनी सल. हे तिसरं पद मला फार आवडतं, कारण समोरच्याकडे एकही तोफ नसली तरी ते शून्य होत नाही. आणि समीकरण असं सांगतं, की प्रत्येक शर्यत भडकतेच असं नाही. भीतीपेक्षा चाट जड असेल तर ती एका जागी स्थिरावते.

याच रिचर्डसनने युद्ध आणि सीमेची लांबी यांचा संबंध शोधताना पाहिलं, की स्पेन-पोर्तुगालची सीमा एका देशाच्या आकड्यात ९८७ किलोमीटर आहे आणि दुसऱ्याच्या १,२१४. दोघंही खोटं बोलत नव्हते, मोजपट्टी वेगळी होती. हे विषयांतर झालं, पण राहवलं नाही.

प्रश्न : हल्ली जो तो 'थुसिडिडीसचा सापळा' म्हणतो. उगवती सत्ता आणि जुनी सत्ता समोरासमोर आल्या की युद्ध ठरलेलंच. अथेन्स आणि स्पार्टाचं तसंच झालं ना?

उत्तर : प्राचीन ग्रीक इतिहासकार थुसिडिडीसचं ते एक वाक्य, की अथेन्सची ताकद वाढली आणि स्पार्टाला भीती वाटली म्हणून युद्ध झालं, सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या पुढची पानं फार थोडे वाचतात, आणि खरी गंमत तिथे आहे.

दोघांमध्ये तीस वर्षांचा तह होता. तो चौदाव्या वर्षी मोडला. पण कशावरून? एपिडॅम्नस नावाच्या दूरच्या एका गावात दोन गटांची भांडणं लागली. एका गटाने कॉर्सायरा या ग्रीक नगरराज्याकडे मदत मागितली, तिने झिडकारलं. मग कॉरिंथकडे गेले, तो आला. कॉर्सायरा आणि कॉरिंथ यांचं आधीपासून हाडवैर, खरं तर मायलेकींचं, कारण कॉर्सायरा ही कॉरिंथचीच वसाहत. कॉर्सायराने अथेन्सला ओढलं, कॉरिंथने स्पार्टाला. स्पार्टाच्या सभेत कॉरिंथचे लोक येऊन अक्षरशः टोमणे मारतात, की तुम्ही मंद आहात, तुमच्या मित्रांना लुबाडलं जातंय आणि तुम्ही बघताय. म्हणजे इथेही दोन बड्यांचं वैर मागे होतं, पण त्यांना समोरासमोर आणलं ते तिसऱ्या-चौथ्यांच्या भांडणाने.

त्या सभेत स्पार्टाचा राजा आर्किडेमस, वय झालेला, अनेक युद्धं पाहिलेला, म्हणाला की घाई करू नका, हे युद्ध आपण आपल्या मुलांच्या गळ्यात टाकून जाऊ अशी मला भीती वाटते. मग स्थेनेलायडास नावाचा अधिकारी उठला, चार तडाखेबंद वाक्यं बोलला आणि मत घेतलं. स्पार्टात मत ओरडून द्यायचे. हा म्हणाला, आरडाओरड कुणाची मोठी ते मला कळत नाही; युद्ध हवं ते या बाजूला, नको ते त्या बाजूला उभे राहा. कळत नव्हतं असं नाही. सगळ्यांदेखत 'नको'च्या बाजूला जाऊन उभं राहायची किती जणांची छाती होणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. युद्ध २७ वर्षं चाललं. पहिल्या स्वाऱ्यांचं नेतृत्व करावं लागलं त्याच आर्किडेमसला, आणि पहिल्या दहा वर्षांच्या लढाईला इतिहासात नाव पडलं 'आर्किडेमियन युद्ध'. नको म्हणणाऱ्याचं!

म्हणजे ठरलेलं होतं का? सभेत मतदान घ्यावं लागलं, यावरूनच काय ते समजा.

आणि एक. एपिडॅम्नस म्हणजे आजच्या अल्बेनियातलं डुरेस. १९१२ मध्ये सर्बियाचं सैन्य समुद्र गाठायला ज्या बंदरात घुसलं आणि ज्यावरून ऑस्ट्रियाने थयथयाट केला, तेच. इतिहासाची पुनरावृत्ती होते हे मी फारसं मानत नाही, पण नकाशाची होते.

प्रश्न : आपण राजे, सेनापती, करार यांबद्दल बोलता. मला वाटतं वैर लोकांच्या मनात असतं. अपमान झाला की पिढ्यानपिढ्या तो विसरत नाहीत, आणि सरकारं फक्त त्याच्या मागे फरफटत जातात.

उत्तर : अर्धं खरं. अपमानाची ताकद मोठी असते यात वाद नाही. १८९५ च्या एप्रिलमध्ये चीनला हरवून जपानने शिमोनोसेकीच्या तहात लिआओतुंग द्वीपकल्प मिळवलं. सहाच दिवसांत रशिया, जर्मनी आणि फ्रान्स तिघांनी मिळून 'मित्रत्वाचा सल्ला' दिला, की ते परत करा. जपानने केलं. आणि तीन वर्षांनी त्याच द्वीपकल्पातलं पोर्ट आर्थर रशियाने स्वतःच भाडेपट्ट्याने घेतलं! जपानात तेव्हा एक जुना चिनी वाक्प्रचार घोषणेसारखा फिरला, त्याचा अर्थ काटक्यांवर झोपायचं आणि पित्त चाटायचं. सूड विसरू नये म्हणून स्वतःला सुख लागू द्यायचं नाही. नऊ वर्षांनी, ८ फेब्रुवारी १९०४ च्या रात्री, जपानी टॉर्पेडो नौकांनी पोर्ट आर्थरवरच्या रशियन ताफ्यावर हल्ला केला.

पण ती घोषणा फिरत होती तेव्हा सरकार फरफटत नव्हतं. ते शांतपणे चीनकडून मिळालेल्या खंडणीतून ब्रिटिश गोद्यांमध्ये युद्धनौका बांधून घेत होतं आणि १९०२ मध्ये ब्रिटनशी करार करून मोकळं झालं होतं. लोकांचा राग हा सरकारला कर वाढवायला फार कामाला येतो.

उलट उदाहरण फ्रान्सचं. अल्सेस गेल्यावर पॅरिसच्या मोठ्या चौकातल्या स्ट्रासबुर्ग शहराच्या पुतळ्याला काळं कापड गुंडाळलं जायचं, हार पडायचे. पण १९१४ येईपर्यंत तेवढ्यासाठी युद्ध करावं असं म्हणणारे फार थोडे उरले होते. सल होती, पण युद्ध तिने सुरू केलं नाही. युद्ध सुरू झाल्यावर मात्र तिने मिटू दिलं नाही. अल्सेस परत मिळाल्याशिवाय तह कसला! मला वाटतं लोकांच्या मनातल्या वैराचं खरं काम हेच असतं. ते दार उघडत नाही, पण एकदा उघडलं की बंद होऊ देत नाही.

आणि ही सगळी सूत्रंही जोडलेलीच आहेत. जपानने रशियाला पूर्वेत अडवलं, म्हणून रशियाचं लक्ष पुन्हा बाल्कनकडे वळलं. जपानने त्याला दुबळं केलं, म्हणून १९०९ ची नामुष्की झाली. त्या नामुष्कीमुळे १९१४ चा ताठरपणा. पोर्ट आर्थरहून साराजेवोला यायला दहा वर्षं लागली, इतकंच.

प्रश्न : पुढचं महायुद्ध कोणत्या दोन देशांत होईल?

उत्तर : दोन देशांत होणार नाही. दोन देशांत झालं तर ते महायुद्ध नव्हे.

प्रश्न : सगळी पत्रं युद्धाची असतील म्हणून हे लिहिते. जुनं वैर युद्ध न होता संपलं, असं कधी झालंय का? संपतं तेव्हा नेमकं काय होतं?

उत्तर : ताई, झालंय. कधी कधी तर अगदी हातातोंडाशी येऊन. १९७८ च्या डिसेंबरमध्ये अर्जेंटिना आणि चिली दक्षिण टोकाजवळच्या पिक्टन, लेनॉक्स आणि नुएव्हा या तीन बेटांवरून युद्धाच्या उंबरठ्यावर होते. फौजा निघाल्या होत्या. शेवटच्या क्षणी पोप मध्ये पडले, त्यांचा वृद्ध दूत कार्डिनल सामोरे दोन्ही राजधान्यांत फेऱ्या मारत राहिला, आणि १९८४ मध्ये तह झाला. इथे एक गोष्ट लक्षात घ्या : या वैराला दुसरं कुठलंही वैर करकचून बांधलेलं नव्हतं. मध्यस्थाला सोडवायला एकच गाठ होती.

पण माझं आवडतं उदाहरण फशोदाचं. १८९८ मध्ये, नाईल नदीच्या वरच्या अंगाला, एका पडक्या किल्ल्यापाशी. कॅप्टन मार्शां मूठभर फ्रेंच अधिकारी आणि शे-सव्वाशे सेनेगाली शिपाई घेऊन, दोन वर्षं आफ्रिका आडवी तुडवत, सुटी केलेली बोट ओढत, जुलैत तिथे पोचला आणि त्याने फ्रान्सचा झेंडा लावला. सप्टेंबरमध्ये ब्रिटिश सेनापती किचनर तोफबोटी घेऊन आला. फ्रान्स आणि ब्रिटन, शतकानुशतकांचे वैरी. लंडन-पॅरिसमध्ये वर्तमानपत्रं पेटली. तिथे किल्ल्यावर मात्र दोघांनी एकमेकांचा मान राखला, एकत्र पेय घेतलं आणि म्हणाले, वरून हुकूम येईपर्यंत थांबू.

पॅरिसमध्ये देल्कासे नुकताच परराष्ट्रमंत्री झाला होता. त्याने हिशेब मांडला. आरमार ब्रिटनपुढे टिकणार नाही. रशिया आफ्रिकेसाठी लढणार नाही. हेरगिरीचा खोटा आळ आलेल्या ड्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याच्या प्रकरणात देश दुभंगलेला. आणि शेजारी जर्मनी टपलेला. एकाच वेळी दोन वैरं परवडत नाहीत, तेव्हा एक सोडलं पाहिजे. त्याने मार्शांला माघारी बोलावलं. याच देल्कासेने १९०४ मध्ये ब्रिटनशी समझोता केला. त्यात इजिप्त तुमचं, मोरोक्को आमचं, अशी वाटणी तर होतीच, पण न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरच्या मासेमारीचं भांडणही मिटवलं, जे १७१३ पासून चालू होतं. प्रेम वगैरे काही नव्हतं त्यात. दुसरं वैर अधिक जड झालं, म्हणून पहिलं खाली ठेवलं. आणि हो, त्यामुळेच युरोपातली गाठ आणखी घट्ट झाली, हेही तुम्हाला सांगितलं पाहिजे. एक वैर मिटणं ही नेहमीच सगळ्यांसाठी चांगली बातमी नसते.

ब्रिटिशांनी नंतर त्या जागेचं नावच बदलून कोडोक केलं, फ्रेंचांना टोचू नये म्हणून. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. तेव्हा एक फ्रेंच मुलगा सात वर्षांचा होता. पुढे त्याने आपल्या आठवणींत लिहिलं, की लहानपणी ज्या गोष्टींनी मन खिन्न व्हायचं त्यांत फशोदाची शरणागती होती. त्या मुलाचं नाव शार्ल द गॉल, पुढे फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष झालेला. १४ जानेवारी १९६३ ला त्याने युरोपच्या सामायिक बाजारपेठेत ब्रिटनला घ्यायला नकार दिला. फशोदामुळे दिला असं मी म्हणणार नाही, कारणं पुष्कळ होती. त्यानंतर आठच दिवसांनी, २२ जानेवारीला, त्याने पॅरिसमध्ये पश्चिम जर्मनीचा चान्सलर आडेनाउअर याच्याबरोबर मैत्रीच्या करारावर सही केली आणि उठून त्या म्हाताऱ्याला मिठी मारली.